मुरूम लागेपर्यंत

घर बांधायला काढलं तेव्हा मला विटेचं मापही धड सांगता येत नव्हतं. दारव्ह्यात शाळेवर गणित शिकवत होतो. अमुक लांबीच्या भिंतीला विटा किती लागतील, हौदात पाणी किती मावेल, ही उदाहरणं फळ्यावर सोडवण्यात उमेदीची वर्षं गेली होती. पण पुस्तकातल्या त्या भिंतीला पाया नसतो आणि तो हौद कधी गळत नाही. घराविषयी माझं ज्ञान एवढंच होतं.

पुढे जे काही कळलं ते दोन माणसांमुळे. एक मिस्त्री, ज्यांना लहानथोर सगळेच मामा म्हणायचे. दुसरी त्यांच्या हाताखालची रेजा. बांधकामावरच्या मजूर बाईला आमच्या विदर्भात रेजा म्हणतात. मी तिला ताई म्हणतो. दोघांचीही नावं इथे लिहीत नाही. ताईने "कायले जी" म्हणून हसण्यावारी नेलं, आणि मामांना विचारायला आता उशीर झाला आहे.

2003 साली मोतीबाग स्टेशनच्या अंगाला, नव्याने पडलेल्या एका लेआऊटमध्ये मी 30 बाय 50 चा प्लॉट घेतला. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे तेव्हा चालू होती. तिची शिटी प्लॉटवर ऐकू यायची, याचंही मला कौतुक होतं. एन.ए.चा आदेश, लेआऊटचा मंजूर नकाशा, सातबारा, सगळे कागद एका वकील मित्राकडून तपासून घेतले. जमीन मात्र मी माझ्या अकलेने पसंत केली. शेजारच्या वावरात पऱ्हाटी छातीला लागत होती, तेवढ्यावरून. मामांना प्लॉट दाखवायला नेलं तेव्हा जमीन कशी कसदार आहे हे मी त्यांना सांगितलंसुद्धा. त्यांनी एक ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं आणि म्हणाले, "सर, हे पिकाची जमीन हाय. घराची नाई."

"मग आता?"

"बांधू न इथंच. पन नकाशा मंग. पयले खड्डा."

मी नकाशा सोबत आणला होता. देवघर कुठे, टीव्ही कुठे, सगळं त्यात होतं. त्यांनी तो उघडायलाही लावला नाही. दुसऱ्या दिवशी प्लॉटच्या एका कोपऱ्यात माणूस उतरेल एवढा खड्डा घ्यायला लावला. सात फुटांपर्यंत काळीच काळी. त्याखाली पिवळसर, खरखरीत मुरूम लागला तेव्हा खड्ड्यातल्या माणसाच्या टिकावाचा आवाज बदलला. मामा वर उकिडवे बसून त्या आवाजाचीच वाट बघत होते.

आमच्याकडे जमिनीची ही वाटणी फार जुनी आहे. शेताची काळी आणि गावाची पांढरी. जुनी गावं पांढरीवर वसली. वस्तीच्या राखेने, शेणाने, पडक्या भिंतींच्या मातीने पिढ्यान्पिढ्या भरत गेलेली ती जमीन. महाराष्ट्रात पुरातत्त्वाची माणसं जुनी वस्ती शोधताना पांढरीची टेकाडं बघतात, ते यामुळेच. भिंतीला पांढरी माती, धाब्याला पांढरी माती, कारण ती पाण्याने फुगत नाही. काळीचं तसं नाही. आमच्या पायाखालचा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो झिजला की आधी मुरूम होतो आणि आणखी झिजला की काळी माती. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. वैशाखात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसाने त्या बुजतात, हे मी लहानपणापासून बघत होतो. त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या भिंतीचं दरसाल काय होत असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गावं वाढली, पांढरी संपली, आणि आता आपण सगळे काळीत घरं बांधतो. जुन्या लोकांनी टाळलेली जागा आपण चौरस फुटाच्या भावाने विकत घेतो, असंही म्हणता येईल.

त्या रविवारी मामांनी मला गावातून फिरवलं. घर बघायला नव्हे, भेगा बघायला. मला वाटतं, माझं खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायऱ्या पायऱ्यांनी विटांच्या सांध्यातून चढत गेलेली भेग म्हणजे खालची जमीन हलली. केसासारखी बारीक, जाळीदार भेग म्हणजे नुसतं प्लास्टर तडकलं, तिला भ्यायचं नाही. भिंत आणि फरशी यांच्यात बोट जाईल एवढी फट म्हणजे जोत्यात काळी माती भरली होती, ती दबली. एका घराचा फक्त मोरीकडचा कोपरा उचलला गेला होता. तिथे वर्षानुवर्षं पाणी झिरपत होतं. दुसऱ्या एका घराची कडुनिंबाकडची बाजू खचली होती. झाडाने तिथला ओलावा शोषला होता. श्रावणात अडणारं दार आणि चैत्रात खुळखुळणारं दार, दोन्ही एकाच दुखण्याची. मामा घरमालकांशी गप्पा मारत चहा पीत होते आणि मला डोळ्याने दाखवत होते. कोणाच्या घराला त्यांनी वाईट म्हटलं नाही. परतताना एवढंच म्हणाले, "भित सांगते सर. आपल्याले आयकाले लेट होते."

त्यानंतर मी नकाशा काढणाऱ्या इंजिनियरकडे गेलो, आणि पहिल्यांदाच काहीतरी विचारण्यासारखं विचारलं. त्यांनी दोन रस्ते सांगितले. मुरूम फार खोल असता तर अंडर-रीम्ड पाइल घेतले असते: जमिनीत साडेतीन-चार मीटर खोल खांब, तळाशी त्याला फुगा, फुग्याचा व्यास खांबाच्या अडीचपट. काळ्या मातीसाठी ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने बसवून दिली. आमचा मुरूम सात फुटांवर होता, म्हणून कॉलमची फुटिंगं मुरमात न्यायची, वर प्लिंथ बीम बांधायचा आणि भिंती बीमवर उभ्या करायच्या असं ठरलं. बीमच्या बुडाला काळी माती टेकता कामा नये, हे इंजिनियरने नकाशावर लाल पेनाने लिहून दिलं. जुना मिस्त्री आणि शिकलेला इंजिनियर यांचं पटत नाही असं मी ऐकून होतो. मामांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कामावर शेवटपर्यंत जपला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण रेघा सगळ्या कळत होत्या.

पैशाची गोष्ट सांगायला हवी. एकूण अंदाज चार लाखांचा होता, त्यातला मोठा वाटा बँकेच्या कर्जाचा. जोत्यापर्यंत येता येता जवळजवळ तिसरा हिस्सा संपला आणि वर उभं असं काहीच नव्हतं. नातेवाईक यायचे, बघायचे, "अजून एवढंच?" म्हणायचे. बायकोचा धीर सुटत चालला होता आणि माझाही. एका संध्याकाळी तिने मामांनाच विचारलं की एवढा पैसा पुरून ठेवायची खरंच गरज होती का. मामांनी हातातली थापी खाली ठेवली. "बाई, वरचं मंग कवाबी वाढवता येते. रंग दिवाळीले देजा, कंपाउंड पोरगं कमावल तवा करजा. खालचं मातर एकदाच करता येते."

मग काय कापायचं हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. तिलाच यादी करायला लावली. तिने पुढची गॅलरी कापली, हॉल लहान केला, सागवानी चौकटींऐवजी सिमेंटच्या चौकटी घेतल्या, फरशी शहाबादी. स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी आणि मागची सपरी मात्र तिने सोडली नाही. आज आमचं घरातलं निम्मं आयुष्य त्या सपरीत जातं. हॉलमध्ये पाहुणे आले तरच पंखा लागतो.

पाया आखायच्या दिवसाची एक गोष्ट आहे आणि ती माझ्या धंद्याशी बांधलेली आहे. कोपरा काटकोनात आला की नाही हे बघायला मामांनी दोरी घेतली. एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरेपर्यंत खुंटी सरकवत राहिले. नंतर सहा, आठ आणि दहा फुटांनी पुन्हा तपासलं, कारण माप जितकं मोठं तितकी चूक लहान. मी पायथागोरसचा सिद्धांत वर्षानुवर्षं शिकवत होतो. सिद्धता पाठ होती, परीक्षेत हमखास येणारी उदाहरणं पाठ होती. तो जमिनीवर, चुन्याच्या फक्कीने आखलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पुढल्या आठवड्यात नववीच्या वर्गाला मैदानावर नेलं, सोबत सुतळी आणि खुंट्या. विचारलं, हे कोणी कुठे पाहिलंय का? मागच्या बाकांवरचे काही हात वर आले. सगळी मिस्त्र्यांची, सुतारांची, बेलदारांची पोरं. माझ्या मार्कांच्या वहीत ती गणितात कच्ची होती. त्यांतल्या एकाने माझ्या हातातून सुतळी घेतली आणि मी बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधली, कारण माझी गाठ सरकत होती. मामांचं ऋण कुठे सुरू होतं असं कोणी विचारलं तर मी घराआधी हा वर्ग दाखवीन. त्यानंतर त्या मुलांना मी कच्ची म्हटलं नाही. शिकवायची पद्धत बदलली, निदान बदलायचा प्रयत्न निवृत्तीपर्यंत चालू राहिला.

जोत्यातली भरणी हे माझ्यासारख्याला सगळ्यात कंटाळवाणं वाटलेलं काम. खणून काढलेली काळी माती शेजारी ढीग लावून पडलेली असते, जोतं रिकामं असतं, आणि ती आत ढकलली की दोन दिवसांत काम उरकतं. बहुतेक जण हेच करतात. मामांनी ती सगळी माती एका शेतकऱ्याला नेऊ दिली आणि मुरूम मागवला. सहा इंचांचा थर, पाणी, धुम्मस. पुन्हा सहा इंचांचा थर, पाणी, धुम्मस. धुम्मस मारणाऱ्या दोन पोरांच्या हातांना फोड आले. पुढे कधीतरी मी मुंबईच्या आयआयटीतल्या प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनाविषयी वाचलं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण कणांना धरून राहणाऱ्या मातीचा मीटरभर थर नीट दाबून बसवला तर खालचा फुगवटा आटोक्यात राहतो, असं त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडचा चांगला मुरूम त्या कामी येतो. मी हे मामांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याहीनं पानी किती मारा म्हनलं?" मला ते सांगता आलं नाही.

मामा सगळं आधीपासून जाणत होते असं नाही, आणि तसा आव त्यांनी कधी आणला नाही. कॉलमच्या सळ्यांभोवती ज्या रिंगा असतात, त्यांची टोकं काटकोनात वाकवून मोकळी सोडायची रीत होती. त्यांनी तरुणपणी तसंच केलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून झोपलेली हजारो माणसं दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांच्या ओझ्याखाली गेली. त्यानंतर पुनर्वसनाच्या कामावर मामा लातूरकडे गेले होते. तिथे त्यांनी काय पाहिलं हे ते फारसं बोलत नसत. पण तिथून आल्यावर रिंगेचं टोक 135 अंशात आत वळवायला लागले, म्हणजे ते काँक्रीटच्या गाभ्यात रुतून बसतं आणि हिसका बसला तरी रिंग उघडत नाही. दरवाजा-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींना बांधणारा सलग पट्टा घ्यायला लागले. आमच्या घराच्या वेळी सळ्या बांधणाऱ्या पोराने वेळ वाचवायला काही रिंगा काटकोनातच वाकवल्या होत्या. मामा कधी ओरडत नसत. त्यांनी त्या एकेक सोडवायला लावल्या आणि स्वतः शेजारी बसून वळवल्या. "अंश मले नाई माईत," मला म्हणाले, "पन अंगठ्यानं दाबलं तं उघडाले नाई पायजे."

जुन्या धाब्याच्या घरांचं कौतुक करणाऱ्यांना ते किल्लारीची आठवण देत. मातीची घरं थंड असतात हे खरं, पण वरचं ओझं जड आणि भिंतींना एकमेकींशी बांधलेलं नाही, तर थंडाव्याचं काय करायचं?

आता ताईबद्दल.

मामांच्या कामावर पाण्याचं खातं तिचं होतं. सिमेंटच्या एका बोरीला काँक्रीटमध्ये पाणी साधारण 25 लिटर. रेती ओली असेल तर त्याहून कमी. तिने बादलीला आतून रंगाची रेघ ओढली होती. सेंट्रिंगवरच्या पोरांना माल पातळ हवा असायचा, कारण पातळ माल सरसर पसरतो, हात दुखत नाहीत. "अजून एक डबा टाक वं" असं वरून ओरडायचे. ती टाकायची नाही. जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे पोकळ्या ठेवतं, हे मला नंतर पुस्तकात मिळालं. तिचं म्हणणं होतं, "पानी आता नाई, मंग पाजाचं."

रेतीची पारखही तिच्याकडेच. ट्रॅक्टर आला की मूठभर रेती तळहातावर चोळायची. हात मळकट झाला की ट्रॅक्टर परत. रेतीवाल्याने एकदा माझ्याकडे तक्रार केली की तुमची रेजा भाव खाते. इंजिनियरने काचेच्या बाटलीत रेती आणि पाणी हलवून ठेवायला सांगितलं होतं. वर साचणारा गाळ आठ टक्क्यांच्या आत हवा. त्या दिवशी मी बाटली भरून ठेवली. गाळाचा थर पट्टीने मोजला. ताईने परत पाठवलेली रेती खरोखरच परत पाठवण्यासारखी होती. दुसऱ्यांदा मी बाटली काढली नाही.

स्लॅब पडला मे महिन्यात. आमच्याकडचा मे, 44-45 अंश तापमानाचा. स्लॅब पहाटे सुरू केला आणि ऊन चढायच्या आत आटोपला. दुसऱ्या दिवशी ताईने वर मातीची आळी घालून चौकोन पाडले आणि त्यांत पाणी भरलं. कॉलमना आणि भिंतींना जिनिंगमधून आणलेली जुनी बारदानं गुंडाळली. याला आमच्याकडे तराई म्हणतात. नियमाच्या पुस्तकात साध्या सिमेंटला निदान सात दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला दहा, आणि कोरड्या उन्हाळ्यात आणखी काही दिवस असं दिलं आहे. मी शाळेतला माणूस; मी एक वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं होतं. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. ताईला वाचता येत होतं, पण तिने त्याच्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. ती बारदानाचा रंग बघायची. कडेला फिकट पडायला लागलं की पाणी. वारा असला की दुपारी मधेच. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, म्हणून रात्री ड्रम भरून ठेवायची आणि अंधार असताना पोराला घेऊन कामावर यायची. ते पोर रेतीच्या ढिगावर झोपलेलं असायचं.

घरभरणीला मामांना टोपी-दुपट्टा आणि मजूर बायांना लुगडी द्यायची होती. मामांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "पयले तिले द्या. भिती मी बांधल्या, पक्क्या तिनं केल्या." त्या दिवशी मी ताईला पहिल्यांदा विचारलं, तुझं घर कसं आहे? दारव्ह्याजवळच्या एका गावात, कुडाच्या भिंती, वर टिना. पावसाळ्यात कुठे पाणी येतं हे तिने सहज सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. सबंध उन्हाळाभर मी तिला पाणी कुठे कमी पडलं तेवढंच विचारत आलो होतो.

पहिल्या पावसाळ्यात मामा न बोलावता आले. पावसात छत्री घेऊन घराभोवती चक्कर मारली. गच्चीचं पाणी पाइपातून थेट जोत्याच्या बुडाशी पडत होतं. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं; पाणी खाली जातंय ना, झालं. त्यांच्या सांगण्यावरून दिवाळीनंतर घराभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार दिलेला ओटा केला आणि पाइप लांब नेले. काळी जमीन कायम ओली असली तरी चालेल, कायम कोरडी असली तरी चालेल. तिला एका बाजूला भिजवायचं आणि दुसऱ्या बाजूला वाळवायचं, हे मात्र घराला मारतं, हे त्यांचं सांगणं. भिंतीपासून सहा फुटांवर मी हौसेने लावलेला कडुनिंब त्यांनी उपटायला लावला आणि प्लॉटच्या टोकाला लावला. काळी माती पाणी लवकर पीत नाही, म्हणून शोषखड्डाही मुरमापर्यंत न्यायला लावला. त्या वर्षी शेजारच्यांचे खड्डे ऑगस्टमध्ये तुंबले.

पुढे एकदा शाळेची सहल सेवाग्रामला गेली तेव्हा मी मामांना आग्रहाने सोबत नेलं. 1936 साली गांधीजी तिथे राहायला आले. आज जिला बापू कुटी म्हणतात ती मुळात मीराबेनने स्वतःसाठी बांधलेली. माती, बांबू, कवेलू. मुलं फोटो बघत होती आणि मामा वळचणीखाली उभे राहून छपराचा पुढे आलेला भाग वितीने मोजत होते. "भितीले पावसाचा थेंब लागू नाई म्हनून. बस, एवढंच हाय यात सगळं." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "पन या घराले दरसाल हात लागते. लिपाले मानूस पायजे." घर गावाच्या पाच मैलांत मिळणाऱ्या वस्तूंनी बांधावं असं गांधीजींनी म्हटल्याचं वास्तुकार लॉरी बेकर सांगत असत, हे मी त्यांना सांगितलं. परतीच्या बसमध्ये मामा आमच्या घराचा हिशेब मांडत बसले. सिमेंट चंद्रपूरकडचं, लोखंड जालन्याचं, फरशी पार कर्नाटकातली. पाच मैलांतलं काय? विटा, मुरूम, पाणी. "आन् आमी," असं म्हणून हसले.

मामा 2014 च्या उन्हाळ्यात गेले. शेवटचं वर्ष ते घरीच होते, दम्याने. सिमेंटची धूळ आयुष्यभर छातीत गेली होती आणि त्या काळात तोंडाला फडकं बांधायचं सुचवणारं कोणी नव्हतं. मीही सुचवलं नव्हतं. त्यांची थापी आणि ओळंबा त्यांच्या मुलाकडे आहे. तो या धंद्यात नाही.

काही वर्षांनी ताईचं नाव घरकुलाच्या यादीत लागलं. प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या घराला तेव्हा 1 लाख 20 हजार रुपये मिळायचे, टप्प्याटप्प्याने, आणि स्वतःच्या घरावर राबल्याची 90 दिवसांची मजुरी रोजगार हमीतून वेगळी. घर लहानच, 269 चौरस फुटांच्या आसपासचं. बातमी कळल्यावर मी गेलो. मनात होतं की आपण आता या विषयातले थोडे जाणकार. खड्डा किती घेतला, भरणी कशाची करतेस, हे विचारावं, चार गोष्टी सांगाव्यात. काही द्यावं असं किती वर्षं वाटत होतं, त्याला वाट मिळाली असं वाटलं.

भिंती लिंटलच्या वर गेलेल्या होत्या. सलग पट्टा होता. ओळंबा लावून बघण्याचा मोह मी आवरला.

"मुरूम किती खाली लागला?" मी विचारलं.

"आमची पांढरी हाय जी सर," ती म्हणाली. "चार फुटातच कडक लागलं. तुमच्यावानी काळीत नाई बांधलं."

मिस्त्री तिचा पुतण्या होता. त्याच्या मालात पाणी जास्त झालं म्हणून तिने आदल्या दिवशी एक घमेलं ओतून टाकायला लावलं होतं. सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मग तिनेच काम काढलं. एक हप्ता अडकला होता. घराचा फोटो कुठेतरी चढायचा राहिला होता आणि रेतीवाला शुक्रवारी पैसे मागणार होता. अर्ज लिहून हवा होता. मी बाजेवर बसून लिहायला घेतला. विषय, संदर्भ, महोदय, सविनय विनंती, कृपया, तरी कृपया. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला.

"विनंती एकच ठेवा, सर," ती म्हणाली. "लिंटलपावतर काम झालं हाय न? थे पयले लिवा. पैसे त्याचे पायजे. आन् आजच लिवून द्या, उद्या मले स्लॅबचं लोखंड आनाले दिग्रसले जाचं हाय."

मी दुसरा कागद घेतला.